‘स्पॅनिश’ खुर्ची आणि अंदालुसचे चामडे
डेन्मार्कच्या एका सुताराची कथा आणि आपल्या कारागिरांसाठी काही कामाच्या गोष्टी

फर्निचरच्या धंद्यात असलेल्या आपल्या बांधवांना अलीकडे एक अनुभव वारंवार येतो. गिऱ्हाईक दुकानात येते, खिशातून मोबाईल काढते आणि एका खुर्चीचा फोटो पुढे करते. जाड लाकडाची चौकट, तिच्यावर ताणून बसवलेले तपकिरी चामडे, फळीएवढे रुंद हात आणि जमिनीला टेकेल की काय इतकी खाली गेलेली बैठक. ‘अशी करून मिळेल का?’ असा त्याचा प्रश्न असतो. कारागीर फोटो निरखून पाहतो. गादी नाही, स्प्रिंग नाही, कोरीव काम नाही, पॉलिशही झगझगीत नाही. मनातल्या मनात लाकडाचा आणि चामड्याचा हिशेब करून तो भाव सांगतो. याच खुर्चीचा जुना अस्सल नग युरोपच्या बाजारात रुपयांच्या हिशेबाने काही लाखांना विकला जातो, असे त्याला कोणी सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. आणि या खुर्चीचा मूळ घाट मुसलमान कारागिरांच्या मुलखातला आहे, असे सांगितले तर तो आणखीच चक्रावेल.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणूनच या खुर्चीची आणि ती बनविणाऱ्याची हकीकत आपल्या वाचकांपुढे मांडावीशी वाटली.

या खुर्चीला धंद्यात ‘स्पॅनिश चेअर’ म्हणतात. ती १९५८ साली डेन्मार्कमध्ये बनली आणि तिचे आरेखन केले बोर्ग मोगेनसेन यांनी. डेन्मार्कची फ्रेडरिसिया नावाची कंपनी ती आजही बनविते. विशेष म्हणजे ही खुर्ची एका पुरातन धाटणीवरून घेतलेली आहे आणि ती धाटणी इस्लामी संस्कृतीचा ठसा उमटलेल्या प्रदेशांत, दक्षिण स्पेनच्या अंदालुसियापासून थेट उत्तर हिंदुस्थानापर्यंत आढळते, हे ही कंपनी स्वतःच सांगत आली आहे. परक्याने आपल्या पूर्वजांच्या हुनराची अशी उघड कबुली द्यावी, असे व्यापारात फार क्वचित घडते.

सुताराच्या बाकावरून

मोगेनसेन यांचा जन्म १३ एप्रिल १९१४ रोजी डेन्मार्कच्या उत्तरेकडील ऑल्बोर्ग या शहरात झाला. आरेखनकार म्हणून त्यांचे नाव पुढे जगभर झाले, पण सुरुवात रंधा आणि पटाशीपासूनच झाली. उमेदवारी करून १९३४ साली ते पक्के कॅबिनेटमेकर, म्हणजे बारीक कामाचे सुतार झाले. त्यानंतर कोपनहेगनच्या कला व हस्तव्यवसाय शाळेत ते १९३६ ते १९३८ या काळात शिकले आणि पुढे रॉयल अकादमीच्या फर्निचर विभागात दाखल झाले. तेथे त्यांना कोरे क्लिंट हे उस्ताद लाभले.

क्लिंट यांच्याविषयी दोन शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हे गृहस्थ विद्यार्थ्यांना ‘काहीतरी नवे काढा’ असे सांगत नसत. संग्रहालयातली जुनी खुर्ची समोर ठेवायची, तिचे इंच न् इंच माप घ्यायचे, तिचा प्रत्येक सांधा कागदावर काढायचा आणि ती तशीच का बनली याचा शोध घ्यायचा, ही त्यांची शिकवण. माणसाच्या शरीराची मापे, कपाटात राहणाऱ्या ताटल्यांची मापे, सारे मोजून घ्यायचे. शेकडो वर्षे लोकांनी वापरून पारखलेली वस्तू सहसा चुकीची नसते, तिच्यातले अनावश्यक तेवढे काढून टाकावे, असे त्यांचे मत होते. आपल्याकडे जुन्या उस्तादांच्या हाताखाली शागीर्द असेच शिकत आले. फरक एवढाच की ते मापे डोक्यात ठेवत आणि क्लिंट कागदावर उतरवून घेत. या ‘एवढ्याच’ फरकाने पुढे किती मोठा फरक पडला, ते आपण पाहतोच आहोत. आमच्या उस्तादांची मापे त्यांच्याबरोबर कबरीत गेली.

क्लिंट यांची चामड्याची पारखही सांगण्यासारखी आहे. १९२७ साली त्यांनी कोपनहेगनच्या कलावस्तू संग्रहालयासाठी एक खुर्ची बनविली. लाल चामड्यामुळे तिला ‘लाल खुर्ची’ म्हणतात आणि १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनात ठेवली गेल्याने बार्सिलोनाचेही नाव तिला चिकटले. तिच्यासाठी त्यांनी ‘नायजर’ बकऱ्याचे कातडे निवडले. हे कातडे आफ्रिकेतल्या हौसा मुसलमानांच्या मुलखातून, कानो आणि सोकोतो या भागांतून येणारे, झाडपाल्याने कमावलेले. त्याच भागातील माल शतकानुशतके उंटांच्या तांड्यांवरून सहारा ओलांडून मोरोक्कोच्या बंदरांत येत असे आणि तेथून युरोपात जाई. म्हणून युरोपियनांनी त्याला ‘मोरोक्को लेदर’ असे नाव दिले. कमावणारा हौसा, वाहून नेणारा सहाराचा व्यापारी आणि नाव मात्र बंदराचे! चामड्याच्या धंद्यात हा प्रकार काही नवा नाही.

सहकारी दुकानातील फर्निचर

१९४२ साली मोगेनसेन यांना एक वेगळीच नोकरी मिळाली. डेन्मार्कमध्ये ग्राहकांच्या सहकारी दुकानांची मोठी संघटना होती, तिला तेथे एफ.डी.बी. म्हणत. कामगार आणि मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडेल असे चांगले फर्निचर या संघटनेला विकायचे होते. त्यासाठी काढलेल्या आरेखन विभागाचे प्रमुखपद अठ्ठावीस वर्षांच्या या तरुणाकडे आले आणि १९५० पर्यंत ते त्यांच्याकडे राहिले.

महायुद्धाचे दिवस होते. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता, परदेशी माल बंद होता. बैठकी विणायला लागणारे परदेशी गवत मिळेना, म्हणून कागदाला पीळ घालून केलेली दोरी वापरात आली. तंगीत सापडलेली ही दोरी युद्ध संपल्यावरही टिकली आणि डॅनिश खुर्च्यांची ओळखच बनली. मोगेनसेन यांनी १९४७ साली काढलेली जे-३९ ही साधी खुर्ची अशाच दोरीच्या बैठकीची. लोकांनीच तिला ‘जनतेची खुर्ची’ म्हणायला सुरुवात केली. ती अजूनही बनते.

त्यांचे जिवलग मित्र हान्स वेग्नर हेही १९१४ सालचेच आणि मुळात सुतारच. मोगेनसेन यांच्या मुलाच्या, पीटरच्या, नामकरणासाठी वेग्नर यांनी १९४४ साली एक चिमुकली खुर्ची करून दिली. तिच्यात खिळा किंवा स्क्रू नाही, चार फळ्या एकमेकींत अडकवल्या की खुर्ची तयार. युद्धकाळात बाजारात भेट घ्यायला काही मिळत नव्हते म्हणून घरी केलेली ती भेट ‘पीटरची खुर्ची’ या नावाने पुढे विक्रीला आली.

जीनगराचे काम घरात आले

१९५० साली मोगेनसेन यांनी नोकरी सोडून स्वतःचे काम सुरू केले. त्याच वर्षी कोपनहेगनच्या कॅबिनेटमेकर संघाच्या वार्षिक प्रदर्शनात त्यांनी शिकाऱ्याच्या झोपडीची कल्पना धरून एक खुर्ची मांडली. हीच ती ‘हंटिंग चेअर’, म्हणजे शिकारी खुर्ची. ती एर्हार्ड रासमुसेन या सुतारी कारखान्यात तयार झाली होती. ओकच्या लाकडाची चौकट आणि तिच्यावर घोड्याच्या खोगिरासाठी वापरतात तसले जाड, झाडपाल्याने कमावलेले चामडे. भरावाला काही नाही. माणसाचे सारे वजन त्या ताणलेल्या चामड्यावर.

आता कारागिराच्या दृष्टीने मुद्दा पाहू. चामड्यावर रोज वजन पडले की ते ताणले जाणार आणि झोळी पडणार, हे कोणालाही कळते. गादीच्या खुर्चीत ते लपते, येथे लपायला जागा नाही. मग उपाय काय? मोगेनसेन यांनी जीनगराचा उपाय उचलला. घोड्याचा तंग सैल पडला की आपण बक्कल एक भोक पुढे ओढतो. तसेच बैठकीचे चामडे बाजूच्या लाकडांवरून खाली वळवून त्याला पट्टे आणि बक्कल लावले. चामडे सैल झाले की खुर्ची उलटी करा, पट्टे एकेक भोक ओढा, काम झाले. आपल्या घरात बाजेची दोरी सैल पडली की पायथ्याकडून ओढून घेतात, तीच अक्कल. दुरुस्तीला कारखान्यात जायला नको, मालक घरच्या घरी करू शकतो.

स्पॅनिश चेअरमध्ये हीच युक्ती अधिक ठसठशीत झाली. बैठकीचे पट्टे खाली, पाठीचे पट्टे मागे. ते झाकण्याचा जराही प्रयत्न नाही, उलट पाठीमागून पाहिले तर बक्कलच खुर्चीचा दागिना वाटतात. बैठक जमिनीपासून जेमतेम तेरा इंच. रुंदी मात्र ऐसपैस, पावणेतीन फुटांच्या आसपास, आणि त्यातली बरीचशी रुंदी दोन्ही हातांनी घेतलेली.

हे हात इतके रुंद का, याचेही कारण आहे. १९५८ च्या ज्या प्रदर्शनात ही खुर्ची प्रथम मांडली गेली, तेथे मोगेनसेन यांनी बैठकीच्या खोलीतून टेबले पार काढून टाकली होती. मोकळी खोली, मोकळी हवा. मग चहाचा पेला कुठे ठेवायचा? तर खुर्चीच्या हातावर. कोकणातल्या आपल्या जुन्या घरांत पडवीवर पडलेली आजोबांची आरामखुर्ची ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कल्पनेचे नवल वाटणार नाही. तिच्या लांब हातांवर पेला, चष्मा आणि वर्तमानपत्र सुखाने राहत असे.

कुर्तुबा ते कोपनहेगन

मोगेनसेन स्पेनमध्ये फिरले, तेव्हा त्यांनी तेथील जुन्या खुर्च्या पाहिल्या. त्या लाकडाच्या चौकटीवर चामडे ताणलेल्या, रुंद हातांच्या होत्या. मात्र त्यांवर कोरीव कामाची रेलचेल होती. क्लिंट यांचा शागीर्द असल्यामुळे मोगेनसेन यांनी कोरीव काम बाजूला ठेवले आणि हाडे तेवढी घेतली. नाव ठेवले ‘स्पॅनिश’.

परंतु ही हाडे कोणाची? इ.स. ७११ ते १४९२ एवढा काळ स्पेनच्या कमीअधिक भागावर मुसलमानांचे राज्य होते आणि त्या अंदालुसची राजधानी कुर्तुबा, म्हणजे आजचे कोर्दोबा. या शहराचे चामडे साऱ्या युरोपात प्रसिद्ध होते. बकऱ्याच्या उत्तम कातड्याला शहरावरून ‘कोर्दोबान’ असेच नाव पडले. सुमाकच्या पाल्याने कातडे कमावण्याची कला तेथे होती. सुमाक हा शब्दही अरबीच. मेंढीच्या कातड्यावर चांदीचा वर्ख चढवून, ठसे उमटवून, रंगवून भिंतीवर आणि खुर्च्यांवर लावण्याचे एक काम होते, त्याला स्पेनमध्ये ‘ग्वादामेसी’ म्हणतात. हे नाव लिबियाच्या गदामिस या वाळवंटी गावावरून आले, असे सांगितले जाते. कुर्तुब्याच्या मालाची ख्याती किती असावी? फ्रेंच भाषेत मोच्याला आजही ‘कोर्दोनिए’ म्हणतात आणि नव्या कातड्याचे जोडे शिवणाऱ्याला इंग्रजीत ‘कॉर्डवेनर’. लंडनच्या जोडे बनविणाऱ्यांच्या जुन्या संघाचे नावही तेच आहे. दोन्ही शब्दांत कुर्तुबा दडलेला आहे.

ग्रॅनाडाच्या नसरी घराण्याच्या काळात कातरीसारख्या पायांची, चामड्याच्या बैठकीची एक खुर्ची होत असे. तिच्यावर हाडाच्या आणि निरनिराळ्या लाकडांच्या बारीक तुकड्यांची जडणी असे. मुसलमानांचे राज्य गेल्यावरही ती ख्रिस्ती उमरावांच्या वाड्यांत आणि चर्चमध्ये दिमाखाने राहिली, कारण ती करणारे हात तेच होते. पुढे मठांत आणि घरांत सरळ पायांची, रुंद हातांची, मोठ्या डोक्याच्या खिळ्यांनी चामडे ठोकलेली खुर्ची रूढ झाली. कुर्तुबा तर १२३६ मध्येच हातचे गेले होते. १६०९ ते १६१४ या काळात उरलेसुरले मुस्लिम वंशाचे लोकही, बाप्तिस्मा झालेला असताना, स्पेनमधून हाकलले गेले. त्यांत हजारो कारागीर होते. माणसे गेली, खुर्च्या राहिल्या. साडेतीनशे वर्षांनी उत्तरेकडचा एक सुतार आला आणि त्याने त्या खुर्च्या मोजल्या.

काही वाचक म्हणतील, मग ही खुर्ची आमचीच की! या म्हणण्यात सत्याचा अंश आहे, पण त्यावर फुशारकी मारण्यात अर्थ नाही. मोगेनसेन यांनी चोरी केली नाही. जुने पाहिले, समजून घेतले, त्यात स्वतःची अक्कल घातली आणि कुठून घेतले तेही नावातच सांगितले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरी चपलेसारख्या चपला आणल्या, तेव्हा आधी कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. महाराष्ट्रातून ओरड झाल्यावर कबुली आली. त्या चपलेला २०१९ पासून भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण आहे, म्हणून ओरडीला वजन आले. आपल्या किती कारखान्यांत तयार मालाखाली कारागिराचे किंवा निदान कारखान्याचे नाव उमटवले जाते? चंडीगडची उदाहरणे पाहा. तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी पियेर जानरे यांच्या आरेखनावरून ज्या खुर्च्या झाल्या, त्या पुढे भंगारात निघाल्या आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखोंना गेल्या. २०११ मध्ये केंद्राला त्यांच्या विक्रीवर बंदी आणावी लागली. त्या खुर्च्या ज्या सुतारांनी रंधल्या, त्यांची नावे कोणाला ठाऊक आहेत?

जुना माल ओळखायचा कसा

मुंबईच्या ओशिवऱ्यात किंवा चोरबाजाराच्या मटन स्ट्रीटवर जुन्या फर्निचरचा व्यवहार करणारे आपले अनेक बांधव आहेत. अशी डॅनिश खुर्ची त्यांच्या हाती रोज पडणार नाही, पण पडली तर ओळखता यावी म्हणून काही खुणा.

प्रथम खुर्ची उलटी करावी. अस्सल मालाच्या खालच्या अंगाला बहुधा कारखान्याचा ठसा किंवा पट्टी असते; जुन्या नगावर ‘फ्रेडरिसिया स्टोलेफाब्रिक’ असे नाव मिळते. स्टोलेफाब्रिक म्हणजे खुर्च्यांचा कारखाना. तो १९११ साली सुरू झाला आणि १९५५ मध्ये आंद्रेआस ग्रावरसेन यांनी विकत घेतल्यावर मोगेनसेन यांच्याशी त्याचे जे सूत जमले, ते त्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर १९७२ पर्यंत टिकले. डॅनिश फर्निचर उत्पादकांच्या तपासणीचे गोल लेबल असेल तर उत्तमच. परंतु ठसा आणि लेबल दोन्ही खोटे करता येतात, तेव्हा त्यावरच विसंबू नये.

लाकूड ओकचे असावे. मग चामडे. खोगिराचे चामडे तीन-चार मिलिमीटर जाड, कडक आणि आरपार एकाच तपकिरी रंगाचे असते. पट्ट्याच्या टोकाला कापलेली कड दिसते, ती भिंगातून पाहावी. मधोमध निळसर राखी रेघ दिसली तर ते क्रोमचे चामडे आहे, म्हणजे मूळचे नव्हे. अधिक खात्री हवी असेल तर पट्ट्याच्या टोकाची चिमूटभर कातरण जाळून पाहावी. झाडपाल्याच्या चामड्याचा कोळसा होऊन राख करडी पडते, क्रोमच्या राखेत हिरवट झाक येते. उन्हाने आणि हातांच्या स्पर्शाने झाडपाल्याचे चामडे वर्षानुवर्षे गडद होत जाते. नवे असताना मधासारखे, पन्नास वर्षांनी गुळाच्या काकवीसारखे. वरचा भाग गडद आणि पट्ट्याखाली झाकलेला भाग फिका असेल तर ते वय खरे आहे. सगळीकडे एकसारखा गडद रंग दिसला तर रंगाचा डबा आठवावा.

जुन्या चामड्याचा हा रंगच पैसे देऊन जातो. म्हणून जुनी खुर्ची हातात पडताच चामडे बदलून ‘नवीकोरी’ करण्याची आपली घाई नुकसानीची आहे. मोहरीचे किंवा खोबऱ्याचे तेल चोपडणेही तसेच. त्याने डाग पडतात आणि धूळ धरते. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत बुरशी येते, ती कोरड्या मऊ फडक्याने पुसून खुर्ची सावलीत वाऱ्यावर ठेवावी, उन्हात कधीही नाही. चामडे हाताला लाल भुकटी सोडत असेल तर ते आतून गेलेले आहे, तेथे मात्र बदलण्यावाचून इलाज नाही.

आणि बदलले असेल तर गिऱ्हाईकाला तसे सांगावे. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा दाखवून देणाऱ्या प्रेषित हजरत मुहंमद (स.) यांचा प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. ओला दाणा वर ठेवायचा असतो. जुन्या मालाच्या व्यापारात हीच गोष्ट दीर्घकाळ गिऱ्हाईक टिकवते, हे या धंद्यातील जाणते लोक सांगतील.

नक्कल की नवा माल?

आता सुरुवातीच्या गिऱ्हाईकाकडे वळू. ‘अशी करून मिळेल का?’ कायद्याचा भाग थोडक्यात सांगतो, मोठ्या ऑर्डरसाठी वकिलाचा सल्ला घ्यावाच. डेन्मार्कमध्ये अशा आरेखनाला कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षे संरक्षण असते, म्हणजे मोगेनसेन यांच्या बाबतीत २०४२ अखेरपर्यंत. इंग्लंडनेही २०१६ मध्ये आपला कायदा कडक केला. तेव्हा हुबेहूब नक्कल करून युरोपात पाठविण्याच्या फंदात पडू नये, माल बंदरातच अडकेल. भारतातील कायदा वेगळा आहे. येथे आरेखनाची नोंदणी करावी लागते, तिची मुदत दहा वर्षे आणि वर पाच अशी असते. तरीही दुसऱ्याचे नाव लावून विकणे कुठेही चालणार नाही.

याहून चांगला रस्ता मोगेनसेन यांनीच दाखविलेला आहे. त्यांनी जेथून घेतले, तेथूनच आपणही घ्यावे. चौकटीवर ताणलेले चामडे आणि पट्टा-बक्कल ही कोणाची मालकी नाही, ती शेकडो वर्षांची सामायिक ठेव आहे. आपल्या पडवीची आरामखुर्ची आणि आपल्या जीनगरांचे काम एकत्र आणून स्वतःचा नमुना काढणे, त्याची मापे कागदावर उतरवणे, आरेखनाची नोंदणी करणे आणि खाली आपल्या कारखान्याचा ठसा मारणे, हे आपल्याला अशक्य का वाटावे?

कच्च्या मालाची अडचण मात्र खरी आहे. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल व वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली आणि धारावीच्या चामडे बाजाराला जबर फटका बसला. म्हशीचे कातडे मिळते, पण त्याचे रंध्र मोठे आणि पोत खरबरीत. तथापि देशात झाडपाल्याने कमावलेल्या चामड्याची परंपरा जिवंत आहे. कोल्हापूरच्या भागात बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले चामडे चपलांना लागते. कानपूरचे जीनकाम भौगोलिक निर्देशांक मिळवून बसले आहे, आणि तेथील जाजमऊच्या चर्मालयांत आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. तामिळनाडूत वाणियंबाडी, आंबूर, पेर्णांपट येथील मुस्लिम व्यापाऱ्यांचे ‘ई.आय. लेदर’ जगात नावाजलेले आहे. क्रोमचे काम पिपात एका दिवसात होते, झाडपाल्याला आठवडे आणि जाड चामड्याला महिने लागतात. म्हणून ते महाग पडते आणि म्हणूनच त्याला खुर्चीवर पन्नास वर्षे काढता येतात. दबागत केलेले कातडे पाक होते, ही शिकवण आपल्याकडे चौदाशे वर्षांपासून आहे, मेलेल्या बकरीचे कातडे फेकून न देता त्याचा उपयोग का केला नाही, असे प्रेषितांनी (स.) विचारल्याची हदीस प्रसिद्धच आहे. मात्र परदेशी जुन्या फर्निचरला कधीकधी डुकराच्या कातड्याचे अस्तर असते, तेवढे पारखून घ्यावे.

ज्यांना पहिला नग करून पाहायचा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी. बैठकीचे चामडे जनावराच्या पाठीच्या भागातून काढा, पोटाकडचे घेऊ नका. पोटाचे चामडे वाकडेतिकडे ताणते आणि वर्षभरात एका बाजूला झोळ पडतो. लोखंडी खिळा किंवा बक्कल वापरू नका. झाडपाल्याच्या चामड्याला आणि ओकसारख्या लाकडाला ओलावा लागला की लोखंडाभोवती काळा डाग उठतो; कोल्हापूरचे जुने कारागीर हे पुरते जाणतात. पितळ घ्या, थोडे महाग पडले तरी. रुंद हातांच्या कडा वरून गोल करा, नाहीतर कोपराला टोचतात. आणि पट्ट्यांना बक्कलाच्या पुढे तीन-चार भोके जास्त ठेवा, कारण चामडे सर्वांत जास्त ताणते ते पहिल्या वर्षीच.